उत्तर: पॅटर्नचं मशीन काढून ऑटोमॅटिक एजर घ्यावा का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं आहे ना, की मांजलपूरला तुमचं चष्म्याचं दुकान आहे, काचा फ्रेमच्या आकारात घासायला जुनं पॅटर्नवालं मशीन (एजर) आहे, म्हणजे फ्रेमच्या आकाराचा साचा लावून चालणारं, आणि तक्रारी तीन आहेत. सिलिंडरचा (ॲस्टिग्मॅटिझमचा) नंबर असला की ॲक्सिस, म्हणजे त्या नंबरचा कोन, हलून येतो, पॉलीच्या (पॉलीकार्बोनेटच्या) काचेची कड चिकट आणि पांढुरकी येते, आणि एआरसी-ब्लूकट (चकाकी आणि निळा उजेड कमी करणाऱ्या कोटिंगच्या) काचांवर बारीक तड्यांची जाळी पडते. मुलगा म्हणतो ऑटोमॅटिक घेऊ, तुम्हाला एवढे पैसे एकदम घालायची धाकधूक आहे, आणि घ्यायचंच झालं तर जुनं जपानी की नवं चायनीज हेही विचारलंय.

मी बडोद्यातच रावपुऱ्याच्या बाजूला फिटिंगचं काम करते. सासऱ्यांकडे हँड एजरवर शिकले, मग पॅटर्नचं मशीन आलं, आता ट्रेसरवालं, म्हणजे फ्रेमचा आकार स्वतः मोजणारं, आहे. दुसऱ्या दुकानांचं कामही आमच्याकडे येतं, त्यामुळे बिघडलेल्या काचा हातात घेऊन बघायला भरपूर मिळतात. तर माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, आणि नवीन मशीनने त्यातली एकच नीट सुटेल, पॉलीची. ॲक्सिस आणि जाळी या दोन्ही गोष्टी बहुतेक करून काच मशीनवर चढायच्या आधी किंवा उतरल्यानंतर बिघडतात. त्या तशाच ठेवून मशीन बदललंत तर पैसे जातील आणि गिऱ्हाईक परत येऊन उभं राहीलच.

ॲक्सिसचं आधी घेते कारण डोक्याला त्रास त्याचाच जास्त होतो, गिऱ्हाइकाच्याही आणि आपल्याही. ०.५० चं सिलिंडर असेल आणि ॲक्सिस थोडा हलला तर बऱ्याच लोकांना कळत पण नाही. पण २.०० चं सिलिंडर ५ अंश फिरलं तर साधारण ०.३५ चं नको ते सिलिंडर डोळ्यासमोर उरतं, १० अंश फिरलं तर ०.७० च्या आसपास, आणि ३० अंशाला तर पूर्ण २.०० उरतं, म्हणजे चष्मा लावून उपयोग काय. अमेरिकेचं एएनएसआय झेड८०.१ म्हणून जे स्टँडर्ड आहे त्यात पण हाच हिशोब आहे, ०.२५ पर्यंतच्या सिलिंडरला १४ अंशाची सूट, ०.५० पर्यंत ७, ०.७५ पर्यंत ५, १.५० पर्यंत ३, आणि त्याच्या वर फक्त २ अंश. मी हे आकडे मशीनच्या वर कागदावर लिहून चिकटवलेत, कारण मोठा सिलिंडर आला की हात आपोआप सावकाश चालायला पाहिजे.

आता तुमच्याकडे ॲक्सिस नक्की कुठे हलतो हे शोधायचं. लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) मार्किंग केलं की तीन टिपके येतात, त्यांच्यावरून एक आडवी रेघ काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढा. ब्लॉक, म्हणजे काच मशीनमध्ये धरायचा तुकडा, चिकट पॅडने काचेवर लावा, ब्लॉकची खूण रेघेशी जुळते का बघा, मग काच घासा. आणि घासून झाल्यावर लगेच ब्लॉक उपटू नका, आधी परत बघा. रेघ ब्लॉकच्या खुणेपासून सरकलेली दिसली तर काच पॅडवर फिरली. ती जागेवरच आहे पण फ्रेममध्ये बसवल्यावर तिरकी दिसते, तर दोष पॅटर्नमध्ये किंवा पॅटर्न बसवण्यात आहे. आणि फ्रेममध्ये रेघ सरळ आहे पण लेन्सोमीटर वेगळा ॲक्सिस दाखवतो, तर मार्किंग करतानाच चुकलंय किंवा लेन्सोमीटरच तपासायला हवा. या तीन गोष्टी एकदा वेगळ्या झाल्या की अर्धं काम झालं समजा. बरेच लोक हे न करता थेट मशीनवाल्याला फोन लावतात.

तुम्ही लिहिलंय की साध्या हार्डकोट काचेत कधी होत नाही, महागड्या कोटिंगमध्येच होतं. म्हणजे मला वाटतं काच पॅडवर सरकतेय. हल्लीच्या कोटिंगच्या सगळ्यात वर पाणी आणि तेल न टिकणारा एक घसरडा थर असतो, गिऱ्हाइकाला पुसायला सोपं जावं म्हणून दिलेला, पण त्याच थरावर आपला चिकट पॅड पण धरत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे मार्किंगची शाई. शाईची रेघ न उमटता बारीक थेंब गोळा झाले तर त्या काचेवर उघडा पॅड लावायचा नाही. अशा काचेला दोन्ही बाजूंनी अँटी-स्लिप स्टिकर लावायचा, बुडबुडा न ठेवता, आणि मग त्याच्यावर पॅड. मागच्या बाजूला पण, हे लोक विसरतात, पुढचा ब्लॉक घट्ट आणि मागून रबर सरकतंय असं होतं. काही कंपन्या काचेवर तात्पुरता थर किंवा फिल्म देऊनच पाठवतात, ती घासायच्या आधी काढायची नाही आणि पुसायची पण नाही. आमच्याकडे एका दुकानाचा नवा मुलगा सगळ्या काचा चकचकीत पुसून आणून द्यायचा, कौतुकाने, आणि तो ग्रिपचा थरच निघून जायचा. त्याला समजावलं तेव्हा त्या दुकानाच्या तक्रारी एकदम कमी झाल्या.

पॅडचं पण बघा. एक पॅड दोन-तीन काचांना वापरून पैसे वाचत नाहीत, एक प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेली) बिघडली की वर्षभराच्या पॅडचे पैसे गेले. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात दुकानाच्या माळ्यावर जे तापतं त्यात पॅडचा गोंद मऊ होतो, त्यामुळे रोल खाली सावलीत डब्यात ठेवा. काचेला बोटाचा तेलकटपणा नको, पॅडवर धूळ नको, बस.

आणखी एक कारण आहे ज्याकडे लक्ष जात नाही, ते म्हणजे काच किती मोठी आणि किती बाहेर सरकवलेली. ७५ मिलिमीटर व्यासाची काच घेऊन छोट्या फ्रेमला लावली की घासायचं व्हील अगदी लांबच्या टोकाला घासतं, लांब दांड्याच्या पान्याने नट जसा सहज फिरतो तशी काच पॅडवर फिरते. त्यात मायनसचा मोठा नंबर असेल तर कड जाड, म्हणजे ओढ अजून जास्त. अशा कामाला मी एकदम साइजवर जात नाही. पहिल्यांदा दोन-तीन मिलिमीटर मोठी कापून घेते, बघते की रेघ जागेवर आहे, आणि मग शेवटचा कट. तुमच्या पॅटर्नच्या मशीनवर साइजचा डायल वाढवून हे आरामात करता येतं, हेडचा दाब पण कमी करा. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

काच सरकत नसेल आणि तरी तिरकी येत असेल तर पॅटर्न बघा. पॅटर्नच्या दोन्ही पिनांची भोकं वापरून वापरून सैल होतात, पॅटर्न हाताने हलवून बघा, जरा जरी हलला तरी त्याचे दोन-तीन अंश होतात. दुसरं म्हणजे डमीवरून (फ्रेमबरोबर येणाऱ्या बिननंबरच्या काचेवरून) पॅटर्न कापताना डमीवरची आडवी रेघ. डमी फ्रेममध्येच असताना, फ्रेम टेबलावर सरळ ठेवून दोन्ही डोळ्यांना एकाच उंचीवर रेघ ओढायची, डमी बाहेर काढून अंदाजाने ओढाल तर चुकणारच. आणि छोट्या पॅटर्नवरून डायल वाढवून मोठी काच काढली की चारी बाजूंनी सारखंच वाढतं, म्हणजे आकार बदलतो, कोपरे गोलसर होतात. मग ती फ्रेममध्ये बसवताना फिरवून फिरवून बसवली जाते आणि ॲक्सिस तिथे जातो. इथे मात्र ट्रेसरचा खरा फायदा आहे हे मान्य करते, फ्रेमच्या खोबणीचा आकार तो स्वतः मोजतो आणि पॅटर्न नावाची कटकटच संपते. पण ट्रेसरला पण फ्रेम तिरकी लावली तर तो तिरकाच आकार घेणार.

आता जाळीचं. कोटिंग म्हणजे काचेवरचा अगदी पातळ, कडक थर आणि खालचं प्लास्टिक त्या मानाने लवचिक. प्लास्टिक वाकलं किंवा तापून फुगलं की वरचा थर तेवढा ताणला जात नाही आणि तडकतो. म्हणजे जाळी दिसली की विचारायचं, ही काच कुठे वाकली किंवा कुठे तापली. चकमध्ये, म्हणजे काच दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या पकडीत, दाब जास्त झाला तर जाळी मधोमध दिसते, ब्लॉकच्या गोलाच्या आसपास. काच सरकते म्हणून लोक दाब वाढवतात आणि मग जाळी पडते, तुमच्याकडे या दोन तक्रारी एकत्र आहेत तर मला हाच संशय पहिला आहे. स्टिकर लावून दाब कमी करा, दोन्ही तक्रारी बरोबरच कमी होतील असं वाटतं. मागचं रबर कडक झालं असेल तर ते बदला, आणि जास्त वक्राच्या काचेला सपाट ब्लॉक लावू नका.

जाळी कडेला दिसत असेल तर कारण वेगळं. काच साइजने मोठी राहिली आणि मेटल फ्रेमचा स्क्रू आवळून बसवली, की कडेकडून ताण येतो. दोन पोलरायझिंग फिल्मच्या मधे चष्मा धरून बघा, असा छोटा पोलॅरिस्कोप फार महाग नसतो, ताण आला असेल तिथे उजेडाचे पट्टे दिसतात. स्क्रू बोटाच्या जोराने शेवटपर्यंत जायला पाहिजे, पाना मारायला लागला म्हणजे काच परत मशीनवर घ्यायची. आणि शेलच्या (प्लास्टिकच्या) फ्रेममध्ये काच बसवताना हीटरवर फ्रेम गरम करा, काच नाही. कोटिंगवाली काच आत ठेवून पूर्ण चष्मा हीटरवर धरणारे लोक मी बघितलेत, त्या जाळीला कोणतंही मशीन जबाबदार नसतं.

गिऱ्हाइकाला पण सांगा हो, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका म्हणून. तिथे पण तेच होतं आणि मग तक्रार आपल्याकडे येते.

पॉलीचं प्रकरण खरोखर मशीनचं आहे. साधी सीआर-३९ (नेहमीची प्लास्टिकची काच) घासली की भुकटी होते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. पॉलीकार्बोनेट तसं नाही, ते गरम होऊन मऊ पडतं आणि व्हीलला चिकटतं, म्हणून रफिंग (पहिली मोठी घासणी) कोरडं करायचं, म्हणजे त्याचा कीस सुटून उडून जातो, आणि फिनिशिंगला पाणी सोडायचं. तुमच्या जुन्या मशीनला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाणी चालू, पॉलीसाठी वेगळं व्हील नाही, मोड नाही, तर कड तशीच येणार. पॉली मोड असलेल्या मशीनवर हीच काच स्वच्छ येते. एक मात्र आत्ताच बंद करा, शाई पुसायला ॲसिटोन वापरत असाल तर पॉलीला ते लावू नका, नखावरचं रिमूव्हर पण नाही, कडेने आत शिरून काच पांढरी होते आणि तडे जातात. स्पिरिटने पुसा. अर्धी पांढुरकी कड कदाचित याचीच असेल.

१.६७ च्या (पातळ, हाय इंडेक्स) काचेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पुढेमागे लागेल. घासताना खूप घाण वास येतो, त्या मटेरियलमध्ये गंधक असतं म्हणून. काच खराब आहे असं नाही. खिडकीजवळ बसा किंवा एक्झॉस्ट लावा.

मग ऑटोमॅटिक घ्यावं का? हे तुमच्या कामावर आहे आणि ते मला इथून दिसत नाही. महिनाभर एक वही ठेवा, रोज किती जोड्या केल्या, त्यात फुल फ्रेम किती, सुप्रा (खालून दोऱ्याने काच धरणारी) किती, रिमलेस (कडाच नसलेली) किती, प्रोग्रेसिव्ह किती, पॉली किती, आणि किती बिघडल्या आणि का. ‘का’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मुलाने भरायचा, मशीनवर बसणार तो आहे. बिघडलेल्या कामात पॉली आणि सुप्रा जास्त निघाले तर मशीनचे पैसे वसूल होतील, कारण सुप्राची खोबण काचेच्या वक्राप्रमाणे पाडणं, बेव्हल, म्हणजे फ्रेमच्या खोबणीत बसणारा कडेचा उतार, नेमका कुठे ठेवायचा ते ठरवणं, हे चांगलं मशीन काचेच्या पुढच्या-मागच्या बाजूला आधी फीलर लावून स्वतः मोजून करतं. मोठ्या मायनसमध्ये बेव्हल पुढे घेतला की जाड कड मागे लपते, हे हाताने करायला वर्षं लागतात. पण वहीत पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) चुकली, काच कमी पडली, डावी-उजवी बदलली अशीच कारणं निघाली तर मशीनवर पैसे घालू नका.

काच कमी पडण्याचा हिशोब इथेच देते कारण ऑटोमॅटिक मशीन फार तर ‘काच छोटी आहे’ म्हणून थांबेल, काच मोठी करणार नाही. समजा फ्रेमच्या काडीवर ५४-१८ लिहिलंय, म्हणजे काचेची रुंदी ५४ आणि मधला पूल १८ मिळून फ्रेमची पीडी ७२. गिऱ्हाइकाची पीडी ६२. फरक १०, म्हणजे प्रत्येक काच ५ मिलिमीटर आत सरकवायची. फ्रेमचा सगळ्यात लांब तिरका व्यास ५८ धरला तर ५८ अधिक ५ चे दुप्पट १०, अधिक कडेसाठी २, झाले ७०. तिथे ६५ ची काच मागवलीत तर बाहेरच्या कडेला फट राहणार, किंवा फिटर सेंटर सरकवून बसवणार, आणि ४.०० च्या नंबरात ३ मिलिमीटर सेंटर सरकलं तरी १.२ प्रिझम (उजेड बाजूला वळवणारा दोष) येतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘डोळे ओढतात’, ते हेच. प्रोग्रेसिव्हला दोन्ही डोळ्यांची पीडी वेगवेगळी घ्या, फिटिंग क्रॉस (काचेवर छापलेली फुलीची खूण) बाहुलीच्या बरोबर समोर आला पाहिजे, आणि कंपनीचं मार्किंग पुसलं गेलं असेल तर काचेवरचे ३४ मिलिमीटर अंतरावरचे कोरलेले दोन गोल शोधून त्यावरून परत मार्क करा.

तिसरा रस्ता पण आहे, नुसता ट्रेसर ठेवायचा आणि आकार कंपनीच्या लॅबला पाठवून काच कापूनच मागवायची. प्रोग्रेसिव्ह आणि महाग पॉली तिकडून, साधी सीआर घरच्या मशीनवर. रोज थोड्याच जोड्या होत असतील तर मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तोटा एवढाच की गिऱ्हाइकाला ‘संध्याकाळी या’ म्हणता येत नाही.

आता जुनं जपानी की नवं चायनीज. निडेक, टॉपकॉन वगैरे जुनी मशीनं दणकट असतात, चायनीज पण आता बरी येतात, मी नाव बघून घेणार नाही. मी आधी बघेन की बिघडलं तर कोण येणार. बडोद्यात किंवा फार तर अहमदाबादहून दोन दिवसात माणूस येतो का, त्या मॉडेलचं व्हील, बेल्ट, पंप आणि सर्किट बोर्ड मिळतो का. जुन्या मशीनचा बोर्डच मिळत नसेल तर स्वस्तात मिळालं तरी नको. व्हीलबद्दल पण विचारा, हिऱ्याचा थर वरवर चढवलेला आहे की पूर्ण जाडीत मुरवलेला. मुरवलेलं व्हील ड्रेसिंग स्टिकने परत धारदार करता येतं, वरवरचं झिजलं की नवीनच घ्यावं लागतं, आणि तो खर्च मोठा आहे.

बघायला जाताना त्यांच्या काचा वापरू देऊ नका, आपल्या घेऊन जा. एक मोठा मायनस सिलिंडरवाला, एक प्लस, एक घसरड्या कोटिंगची, एक पॉली, आणि एक सुप्रा फ्रेम डमीसकट. सगळ्यांवर आडवी रेघ ओढून न्या. कापून झाल्यावर रेघ बघा, दोन्ही डोळ्यांची साइज सारखी आहे का, बेव्हल काचेच्या सगळ्या कडेला सारखा चालतो का ते बघा. तीच काच तशीच्या तशी परत मशीनवर लावून अर्धा मिलिमीटर कमी करायला सांगा, बेव्हल जुन्या जागेवरच येतो की दुसरा नवीन बेव्हल पडतो, त्यावरून मशीन किती झिजलंय ते लगेच कळतं. ट्रेसरबरोबर कॅलिब्रेशनची चकती आली पाहिजे, ती जुन्या मशीनबरोबर बऱ्याचदा हरवलेली असते, ती नसेल तर साइजची कटकट रोजची.

पाण्याची व्यवस्था आधीच करून ठेवा. आजवा-महीचं नळाचं पाणी टाकीत भरा, बोअरचं नको, आमच्या गल्लीतल्या बोअरला एवढे क्षार आहेत की नोझल पांढरे होऊन बुजतात आणि व्हीलला पाणी पोचत नाही. टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी बदला, गाळ कापडी पिशवीत गाळून सुकवून कचऱ्यात द्या, मोरीत ओतलात तर तो पाइपात दगडासारखा बसतो. अर्थिंग नीट करून घ्या, स्टॅबिलायझर लावा, आणि मशीन ज्या टेबलावर असेल ते टेबल हलायला नको.

आणि काहीही घेतलंत तरी तुमचं आत्ताचं मशीन लगेच विकू नका. बरीचशी ऑटोमॅटिक मशीनं नुसत्या प्लास्टिकच्या व्हीलसेटवर येतात, त्यावर ग्लासची काच चुकून जरी चढली तरी व्हीलचं वाटोळं होतं, आणि ग्लासचा चुरा त्याच टाकीत फिरला तर पुढच्या प्लास्टिकच्या काचांवर ओरखडे येतात. अजूनही म्हातारी मंडळी जुनी ग्लासचीच काच मागतात, ओरखडे पडत नाहीत म्हणून. ती कामं जुन्या मशीनवर, वेगळ्या पाण्यात करा. आधी रेघेची तपासणी करून बघा आणि काय निघालं ते इथेच लिहा, सरकलेल्या काचेचा ब्लॉकसकट फोटो टाकलात तर बघून सांगते.